गमबूट घालून केलेली आंघोळ

माझ्या थिसिसचा विषय मी आईला सांगितला, तेव्हा ती मेथी निवडत होती. "भाजलेल्या रुग्णांचा साथरोगशास्त्रीय अभ्यास," मी शक्य तितक्या गांभीर्याने म्हणाले. तिने एक जून देठ बाजूला टाकला आणि विचारलं, "भाजणं काय साथीनं येतं?"

मी तिला समजावलं, की साथीचंच असायला हवं असं नाही. कोण भाजतं, कुठे, कशाने, कोणत्या वयात, याचा नीट अभ्यास केला तर पुढचं भाजणं टाळता येतं. आई म्हणाली, "बाया भाजतात, स्वयंपाकघरात. झाला तुझा थिसिस. आता लग्नाचं बघ."

हा विषय मी निवडलेला नव्हता. एमबीबीएस झाल्यावर मी नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात समाजवैद्यक विभागात एमडीला लागले होते. तिथे विषय प्रसादासारखे वाटले जायचे, ओंजळीत जे पडेल ते आपलं. मला मधुमेह हवा होता. मधुमेहाचे रुग्ण स्वतःच्या पायांनी येतात, खुर्चीत बसतात, जावई अमेरिकेत असल्याचं सांगतात, आणि त्यांच्याबरोबर पोलीस येत नाहीत. पण मधुमेह रांगेत माझ्या पुढे असलेल्या मुलीने उचलला आणि माझ्या वाट्याला बर्न्स वॉर्ड आला.

विषय वाटणारे आमचे सर विभागप्रमुख होते आणि माझे गाईडही. अत्यंत मृदू माणूस. त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. जगातलं कोणतंही दुःख त्यांना तक्त्यात बसवता यायचं, आणि एखादं बसलंच नाही तर त्यासाठी 'इतर' नावाचा रकाना होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहा पाजला आणि नियम सांगितला.

"हे बघ, आपण काही डिटेक्टिव्ह नाही. रुग्ण सांगेल ते टॅबमध्ये भरायचं. रुग्णाचं म्हणणं म्हणजेच आपला डेटा."

"आणि सर, रुग्ण खोटं बोलत असेल तर?"

"तर तो खोटा डेटा नाही होत," सर हसून म्हणाले, "तो 'रुग्णाने सांगितलेलं कारण' होतो."

बायकांच्या वॉर्डात मला या नियमाची थोरवी कळली. तिथे सगळ्यांचा पदरच पेटलेला असायचा. साडी नेसलेलीचा पदर पेटायचा, पंजाबी ड्रेसवालीचा पदर पेटायचा, आणि गाऊन घालून आलेल्या बाईचाही पदरच पेटायचा. हे मला बाई सांगायची नाही. तिच्या उशाशी उभी असलेली सासू नाहीतर नणंद सांगायची. बाई छताकडे बघत असायची. मी एकदा सासूबाईंना बाहेर जायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बाहेर कशाला? तिला माझ्याशिवाय करमत नाही." मी टॅबवर 'कपड्याने पेट घेतला' असं भरलं. त्याखाली पुढचा प्रश्न होता, 'कपडा सुती की कृत्रिम धाग्याचा?' आमच्या अभ्यासाला गुन्हेगार सापडलेला होता. नायलॉन.

पुरुषांच्या वॉर्डात मात्र वेगळीच तऱ्हा होती. तिथे पुरुष आंघोळ करताना भाजत होते.

मी पहिल्यांदा त्याला भेटले तेव्हा तो कॉटवर दोन्ही हात उशांवर ठेवून बसला होता. हात बोटांच्या टोकांपासून खांद्यापर्यंत बँडेजमध्ये, छातीवर बँडेज, गळ्याची आणि हनुवटीची कातडी सोललेली. चाळिशीचा माणूस, मराठवाड्यातून आलेला, कोपरखैरण्यात खोली घेऊन राहणारा. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या केमिकल कंपनीत ठेकेदाराकडून कामाला. त्याच्या शेजारच्या स्टुलावर इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस शहाळं धरून बसला होता. स्ट्रॉ रुग्णाच्या तोंडात, शहाळं याच्या हातात. मला वाटलं भाऊ असेल. तो कंपनीचा सुपरवायझर होता.

"कसं भाजलं, दादा?" मी विचारलं.

उत्तर स्टुलावरून आलं. "घरी मॅडम. आंघोळीला बसला, गरम पाण्याचं पातेलं अंगावर आलं. बॅड लक."

"त्यांना बोलू द्या ना."

"हां हां, बोल ना रे. मॅडमना सांग."

रुग्णाने स्ट्रॉ तोंडातून सोडली. "आंघोळीला बसलो व्हतो. पातेलं आलं अंगावर."

मी टॅबवर 'गरम पाणी' निवडलं, 'घर' निवडलं. पुढचा प्रश्न कपड्यांचा होता. आंघोळ म्हटल्यावर तो सोडून द्यायला हरकत नव्हती, पण त्याशिवाय टॅब पुढे सरकत नव्हता.

"अंगावर कपडे कोणते होते?"

"पँट," तो म्हणाला. आणि मग, जन्मभर खरं बोलायची सवय असलेला माणूस जसा बोलून जातो तसा पुढे म्हणाला, "अन् गमबूट."

सुपरवायझरने स्ट्रॉ घाईने पुन्हा त्याच्या तोंडात दिली. शहाळ्यात स्ट्रॉ गुडगुडली.

"गमबूट घालून आंघोळ?" मी विचारलं.

"पाय खराब होऊ नये म्हणून," सुपरवायझर म्हणाला. मग त्यालाही ते पटलं नसावं. "म्हणजे मॅडम, ड्युटीवरून दमून आला, तसाच बसला. तुम्ही टेन्शन नका घेऊ, लिहा तुम्ही."

मी चादर थोडी सारून पाहिलं. कमरेवर जिथे पट्टा असतो, तिथे भाजलेली कातडी सरळ रेघेत संपत होती. पाय लहान मुलासारखे धड होते. पातेल्यातलं पाणी खाली पडतं, मांड्यांवर सांडतं, पायांवर वाहतं. हे पाणी समोरून आलं होतं, हनुवटीच्या उंचीवरून, आणि कमरेपाशी आल्यावर सभ्यपणे थांबलं होतं.

वॉर्डातली सिस्टर नंतर म्हणाली, "हे नवीन आहे का? पावण्याची मंडळी फार गरम पाण्याने आंघोळ करतात, डॉक्टर. त्यांना सोसतं."

त्याची बायको मला दोन दिवसांनी कॉरिडॉरमध्ये भेटली. उंच, काटक बाई, खांद्याला डब्याची पिशवी. मी ड्रेसिंग कसं चाललंय ते सांगायला थांबले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग आजूबाजूला बघून म्हणाली, "मॅडम, एक इचारू? ते आंघुळीचं तुमी लिवलं का?"

"त्यांनी सांगितलं ते लिहिलं."

"बरं केलं," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "पर माझा नवरा बारा महिने गार पाण्यानं आंघूळ करतो वो. थंडीतबी. लगीन झालं तवापासून एक दिस गरम पाणी मागितलं न्हाई. गरम पाणी बायामानसांचं, म्हनतो. अन् आता साऱ्या गावाला सांगत फिरायचं, का हा आंघुळीला बसून भाजला!"

भाजल्यापेक्षा या अब्रूचं तिला जास्त लागलं होतं असं मला तेव्हा वाटलं. पण तिने खरं काय ते सांगितलं. वाफेच्या पाइपचा एक जोड कित्येक दिवस गळत होता. त्याला गोणपाट गुंडाळून वरून तार बांधली होती. तिचा नवरा समोर उभा असताना जोड सुटला. त्याला कंपनीच्याच टेम्पोतून आणलं आणि रस्त्यातच सुपरवायझरने पाठ करून घेतलं. घर, आंघोळ, पातेलं. ते म्हटलं तर हॉस्पिटलचा खर्च कंपनी करणार, बरा झाल्यावर कामावर घेणार. नाही म्हटलं तर ठेकेदार म्हणणार, हा कोण माणूस? आमच्याकडे असा कोणी नव्हताच.

"पोलिसांनी विचारलं असेल ना?"

"इचारलं की. सुपरवायझर बाजूलाच व्हता. साहेबांनी लिवलं, ह्यांचा अंगठा व्हता बँडेजात. पायाचा घेतला."

मी सरांकडे गेले. सरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे. पण तिचं म्हणणं हे नातेवाईकाचं म्हणणं झालं. आपल्या अभ्यासात माहिती देणारा कोण? रुग्ण. मग?"

"सर, गमबूट."

"गमबूट हे निरीक्षण आहे. आपल्याकडे गमबुटाला रकाना नाही."

त्यानंतर पंधरवडा उलटला असेल. मी सकाळी वॉर्डात आले तर कोपऱ्यातल्या कॉटवर नवा रुग्ण होता आणि त्याच्या शेजारी तोच इस्त्रीचा शर्ट. शहाळं मात्र नव्हतं, कारण या माणसाला काही पिता येत नव्हतं. झारखंडचा, चाळिशीच्या पुढचा. त्याच शेडमधला, त्याच पाइपसमोरचा. याच्या बाबतीत वाफ कमरेपाशी थांबली नव्हती.

"घरी मॅडम," सुपरवायझर म्हणाला. या वेळी तो माझ्याकडे बघत नव्हता. "आंघोळ."

"हेही गरम पाण्यानेच करत होते वाटतं," मी म्हणाले.

"मॅडम, माझ्या हातात काय आहे?" तो हळू आवाजात म्हणाला. "मला वरून फोन येतो, मी बोलतो. उद्या माझ्या अंगावर पाइप फुटला तर मीसुद्धा आंघोळच करत असणार."

तो बोलला ते खरं होतं. पण बोलून झाल्यावर त्याने पोलिसांना पुन्हा आंघोळच सांगितली.

आईने मेथी निवडताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या कॉटपाशी मिळालं. होय, भाजणं साथीनं येतं. एकाच शेडमधून, एकाच फाटक्या गोणपाटातून. पूर्वीच्या वैद्यांनी अशी साथ बघितली असती तर आधी त्या पाइपाकडे धावले असते. आम्ही टॅब चार्जिंगला लावला.

झारखंडच्या माणसाचं इथे कोणी नव्हतं. पहिल्या रुग्णाला एव्हाना घरी सोडलं होतं; त्याची बायको त्याला ड्रेसिंगला आणायची, तेव्हा ती याच्यापाशीही बसायची. त्याला खाता येत नव्हतं तरी ती पेज घेऊन यायची आणि सिस्टरला विचारायची, आज देऊ का? भाषेची अडचण होती. ती त्याच्याशी तिच्या मराठीत बोलायची आणि तो मान हलवायचा. आठवडाभराने तो गेला. कागदावर कारण लिहिलं होतं, घरी आंघोळ करताना गरम पाण्याने भाजणे.

त्याचा भाऊ गावाहून आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. हाडकुळा, शाळेत शिकवणारा माणूस, पँटचा पाय धुळीने भरलेला. तो शवागाराचे कागद घेऊन आमच्या विभागात चुकून आला आणि मी एकटीच बसले होते. पहिल्या रुग्णाची बायकोही तेव्हा तिथे होती. तिला नवऱ्याच्या हातांवरचे वण दाबून ठेवणाऱ्या घट्ट मोज्यांसाठी कोणाकडे जायचं ते विचारायचं होतं.

भावाने कागद माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, ये नहाते हुए लिखा है।"

मी हो म्हणाले.

"मुझे वो बाथरूम देखना है।"

"क्यों?"

"गाँव में कोई मानता नहीं। लोग हँस रहे हैं। अच्छा-भला आदमी नहाते-नहाते मर गया? माँ पूछती है, कितना पानी था, कैसी बाल्टी थी। मैं देख के जाऊँगा, तो बता सकूँगा।"

मला माहीत होतं की तो माणूस कंपनीच्या आवारातच पत्र्याच्या खोलीत झोपायचा आणि तिथे उघड्यावरचा एक नळ होता. बाथरूम नव्हतंच. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती बाई उठली. "चला," ती त्याला म्हणाली. "मी दाखवते."

ती त्याला रिक्षाने पावण्याला घेऊन गेली. गेटवरच्या वॉचमनने आत सोडलं नाही. मग ती त्याला मागच्या गल्लीतून घेऊन गेली, तिथे कंपाउंडची भिंत थोडी पडलेली आहे. तिथून तिने त्याला शेड दाखवली, पाइप दाखवला. त्या पाइपावर नवं कोरं गोणपाट होतं. नळही दाखवला. भाऊ बराच वेळ बघत राहिला, आणि मग त्याने तिथल्या तिथे भिंतीला टेकून आईला फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते तिला कळलं नाही. ती मला एवढंच म्हणाली, "त्यानं त्याच्या आईला सांगितलं, बाथरूमच न्हाई म्हनून. अन् मग तो हसला वो मॅडम. असं हसू मी कुनाचं बगितलं न्हाई."

याच सुमारास सरांना कल्पना सुचली. अभ्यासातून निघालेला निष्कर्ष समाजापर्यंत पोचवायचा. निष्कर्ष असा, की या भागातल्या कामगार पुरुषांमध्ये घरी गरम पाण्याने भाजण्याचं प्रमाण लक्षणीय आहे आणि त्याबाबत जनजागृतीची गरज आहे. म्हणून हॉस्पिटलच्या सभागृहात 'भाजणे टाळा' असा कार्यक्रम ठरला. पोस्टर झालं. त्यात एक गोरापान गृहस्थ कंबरेला टॉवेल गुंडाळून बादलीत कोपर बुडवून पाणी तपासत होता. खाली लिहिलं होतं, 'आधी गार, मग गरम!'

चहा, समोसे आणि बॅनरचा खर्च एका कंपनीने आनंदाने उचलला. कोणत्या, ते सांगायला नको.

"सर, हीच ती कंपनी," मी म्हणाले.

"उद्योगजगताचा सहभाग," सर म्हणाले. "उलट चांगलंच आहे ना? त्यांच्याच कामगारांना ही समस्या आहे." त्यांच्या चेहऱ्यावर उपरोधाचा लवलेश नव्हता. मला आजही वाटतं की ते मनापासून बोलत होते. ज्या माणसाने आयुष्यभर फक्त रकाने बघितले, त्याला पाइप दिसत नाही.

पहिल्या रुग्णाला मंचावर बोलवायचं ठरलं. बरा झालेला रुग्ण स्वतःचा अनुभव सांगेल आणि लोकांना आंघोळीबाबत सावध करेल. सुपरवायझर त्याच्या घरी जाऊन आला. दोन वाक्यं बोल म्हणाला, मग कामाचं बघू. तोवर त्याला कामावर घेतलेलं नव्हतं. हाताची बोटं पूर्ण मिटत नव्हती आणि ठेकेदार फोन उचलत नव्हता.

कार्यक्रमाला सभागृह भरलं, कारण नर्सिंगच्या मुलींची हजेरी सक्तीची होती. मंचावर डीन मॅडम, सर, कंपनीचे एक संचालक, आणि प्रमुख पाहुणे म्हणून स्थानिक पोलीस ठाण्याचे साहेब. ज्यांनी पायाचा अंगठा घेतला, तेच हे साहेब. सुरुवात अर्थातच दीपप्रज्वलनाने. भाजणे टाळा या कार्यक्रमात भल्या मोठ्या समईतल्या पाच वाती पेटवल्या गेल्या. डीन मॅडमचा रेशमी पदर पहिल्या वातीवर झुकला तेव्हा तीन डॉक्टर एकदम धावले. पदर वाचला. टाळ्या झाल्या.

सरांनी स्लाइड दाखवल्या. संचालकांनी सुरक्षा हेच आमचं ब्रीद असल्याचं सांगितलं. मग त्याला माइक दिला. त्याच्या हातात माइक धरवेना, म्हणून एका मुलीने तो त्याच्या तोंडासमोर धरला.

"मी आंघोळीला बसलो व्हतो," तो म्हणाला आणि थांबला.

सुपरवायझर पहिल्या रांगेतून हळूच म्हणाला, "पातेलं."

"पातेलं," तो म्हणाला. पुन्हा थांबला. त्याने समोर बायकोकडे बघितलं.

ती उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती सरळ पायऱ्या चढून वर आली आणि मुलीच्या हातातून माइक घेतला. मंचाचं भय वाटणाऱ्यांतली ती नव्हती. त्यांच्या वस्तीतल्या विहारात महिला मंडळाचे कार्यक्रम तीच चालवायची, हे मला नंतर कळलं.

"माझा नवरा खोटं बोलतोय," ती म्हणाली. "त्याला येत न्हाई, म्हनून अडखळतोय. आमच्या घरात एवढं पाणी तापवायला गॅस कुनाला परवडतो? ह्यो भाजला पावण्याला, कंपनीत, वाफेच्या पायपानं. त्याच्यामागं झारखंडचा एक मानूस भाजला, त्याच पायपानं, तो मेला. त्याच्या कागदावरबी तुमी आंघूळ लिवली. तो जिथं ऱ्हात व्हता तिथं न्हानीघरच न्हाई. मी त्याच्या भावाला भिंतीवरून दाखवून आले."

माइक बंद झाला. कोणी बंद केला ते मला माहीत आहे, पण त्याने काही बिघडलं नाही. शेवटच्या रांगेतल्या मुलीलाही तिचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"ताई, थोडा तांत्रिक बिघाड झालाय," सर उठून म्हणाले. "आपण चहानंतर बोलू."

"मला च्या नको. ह्ये साहेब बसलेत ना, त्यांच्याशी बोलायचंय." ती पोलीस साहेबांकडे वळली. "साहेब, तुमी लिवलेला जबाब बदलायचाय. आत्ता."

साहेबांच्या गळ्यात हार होता आणि हातात श्रीफळ. "बाई, ठाण्यावर या. तिथे बघू."

"ठाण्यावर तुमी गेटावरच बसवता. इथं समदे हायेत. इथंच इचारा त्यांना."

साहेबांनी श्रीफळ टेबलावर ठेवलं. समोर दोनशे मुली बघत होत्या आणि त्यांपैकी निम्म्यांच्या हातात मोबाइल होते. त्यांनी मंचावरच रुग्णाला विचारलं, "काय रे, बायको म्हणते ते खरं?"

त्याने दोन्ही हात पुढे केले. घट्ट बदामी मोजे घातलेले हात. "खरं हाय साहेब," तो म्हणाला. "मी गरम पाण्यानं आंघूळ करत न्हाई."

एवढ्या सगळ्यातून त्याला हेच आधी सांगायचं होतं. मुली हसल्या, मग एकेक मोबाइल वर आला. संचालकांना त्याच वेळी महत्त्वाचा फोन आला आणि ते बाजूच्या दाराने गेले. समोसे तसेच राहिले. ते शेवटी बर्न्स वॉर्डातल्या नातेवाइकांनी खाल्ले, म्हणजे कंपनीचा खर्च अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

जबाब पुन्हा लिहिला गेला. एकदा मोबाइलवर व्हिडिओ फिरायला लागल्यावर त्याला पर्याय उरला नव्हता. पुढच्या महिन्यात कारखान्यावर तपासणी झाली, पाइप बदलला गेला, कंपनी काही दिवस बंद राहिली आणि मग नव्या नावाने, नव्या रंगात उघडली. संचालक तेच. सुपरवायझरला मात्र काढलं. वरून फोन करणाऱ्यांनी सांगितलं, की आंघोळीची कल्पना त्याचीच होती.

सरांनी मला बोलावून घेतलं. रागावले नाहीत. "तुला वाईट वाटलं असेल," म्हणाले, "पण संशोधनात भावना आणायच्या नसतात." मी थिसिसमध्ये वेगळं प्रकरण घातलं. रुग्णाने सांगितलेलं कारण एका बाजूला आणि शरीरावरच्या खुणांशी जुळणारं कारण दुसऱ्या बाजूला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत ते उघडलं आणि विचारलं, "हे गमबूट काय आहे?" मी सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "आमच्याकडे पुरुष शेकोटीवर पडतात. एप्रिल-मेमध्येसुद्धा." मी पास झाले. त्यातून सरांनी जो लेख छापला त्यात पहिलं नाव त्यांचं आहे, माझं तिसरं, आणि गमबुटाचं प्रकरण जागेअभावी वगळलं आहे.

पहिल्या रुग्णाच्या भरपाईच्या दाव्यात मी कामगार न्यायालयात साक्षीला उभी राहिले. कंपनीचा वकील उत्साही होता.

"डॉक्टर, अपघात झाला तेव्हा तुम्ही कारखान्यात हजर होता?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही काहीच पाहिलेलं नाही."

"नाही."

"मग तो घरी आंघोळ करताना भाजला नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता? तुम्ही त्याच्या घरी होता?"

"नाही," मी म्हणाले. "पण तुमचे अशील तरी होते का? त्यांना पातेल्यापर्यंत सगळं माहीत होतं."

न्यायाधीशांनी मला प्रश्नाचं उत्तर प्रश्नाने देऊ नका म्हणून समज दिली आणि ती देताना रुमालाने तोंड पुसलं. पुष्कळ तारखांनंतर निकाल लागला. अपघात कामावरच झाला, असं ठरलं. कंपनी वरच्या कोर्टात गेली. झारखंडच्या माणसाचं प्रकरण वेगळं चालू आहे. भावाला दर तारखेला येणं जमत नाही, म्हणून ती बाई जाऊन बसते आणि काय झालं ते त्याला फोनवर सांगते, तिच्या मराठीत. आता त्याला कळतं म्हणे.

तिच्या नवऱ्याला पुन्हा कारखान्यात कोणी घेतलं नाही. माझ्या आईने सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मागे लागून त्याला आमच्या नेरूळच्या गेटवर लावलं. तो वेळेवर येतो, गाड्यांचे नंबर तोंडपाठ ठेवतो. पहिल्याच महिन्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर तक्रार आली, की नवीन वॉचमन सलाम नीट करत नाही. कोणी तरी खुलासा केला की बोटं जुळत नाहीत. त्यावर दुसऱ्याने लिहिलं की हात बघून लहान मुलं घाबरतात. सभेत बराच ऊहापोह झाला आणि सर्वानुमते त्याला पांढरे हातमोजे द्यायचं ठरलं. आईने विरोध नोंदवला. सेक्रेटरींनी तो 'इतर मुद्दे' या सदराखाली घेतला.

हातमोजे आले. सेक्रेटरींनी स्वतः नेऊन दिले. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले, थँक्यू साहेब म्हणाला, आणि केबिनमध्ये पंख्याच्या बटणाखालच्या खिळ्याला अडकवून ठेवले. ते तिथेच आहेत. सकाळी शाळेची बस येते तेव्हा तो गेट उघडतो आणि पोरं त्याच्या त्या उघड्या हातावर टाळी देऊन बसमध्ये चढतात.